लिनक्स रोजच्या वापरात : तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय

"विंडोज १०ची मुदत संपली म्हणतात. मग माझा चांगला चालणारा लॅपटॉप मोडीत काढायचा का? आणि त्यावर लिनक्स टाकले तर रोजचे काम अडणार नाही ना?" घरात जुना कॉम्प्युटर असलेल्या अनेकांना हे दोन प्रश्न पडले आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे सातव्या पिढीचा, पडदा-कीबोर्ड ठणठणीत असलेला लॅपटॉपही कागदोपत्री बाद ठरतो. उलट लिनक्सच्या मिंट या लोकप्रिय रूपाला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. नीट काम करायचे तर ४ जीबी रॅम असावी असे मिंटवाले सांगतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : कॉम्प्युटर मोडीत काढू नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र यंत्रापेक्षा वापरणाऱ्याच्या सवयींवर जास्त अवलंबून आहे, म्हणून त्यासाठी हे प्रकरण.

लिनक्सचा मूळ गाभा, म्हणजे कर्नल, फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याभोवतीची बरीचशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. कर्नल, साधने, डेस्कटॉप आणि नेहमीचे प्रोग्रॅम एकत्र बांधून जो तयार संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३चा, त्यावर उभा राहिलेला उबुंटू २००४चा आणि उबुंटूवर उभा राहिलेला मिंट २००६चा. नवख्याने मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती घ्यावी. उबुंटू २४.०४ला, आणि त्यावर बेतलेल्या मिंट २२ला, २०२९पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीमागे धावण्याची घरगुती वापरात गरज नसते. असे का, ते पुढे तिसऱ्या भागात येईल.

१. यंत्रणा, तुमचा संसार आणि किल्ली

लिनक्सबद्दलच्या सूचनांच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. त्या पाठ करून उपयोग होत नाही, कारण त्यांच्यामागचे एकच तत्त्व कळले नाही तर प्रत्येक सूचना सुटी आणि विचित्र वाटते. ते तत्त्व असे : लिनक्समध्ये तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. पहिली म्हणजे यंत्रणा, दुसरी तुमच्या फाइली व आवडीनिवडी, आणि तिसरी यंत्रणेत बदल करण्याचा अधिकार. हाउसिंग सोसायटीत आपल्या फ्लॅटमध्ये कोणते कपाट कुठे ठेवायचे हे आपण ठरवतो. पण गच्चीवरच्या टाकीला किंवा लिफ्टच्या मोटरला हात लावायचा तर सेक्रेटरीकडची किल्ली लागते. घरगुती लिनक्समध्ये सेक्रेटरीही तुम्हीच असता, एवढाच फरक. तरीही किल्ली खिशात घेऊन दिवसभर फिरायचे नाही. काम पडेल तेव्हा मागून घ्यायची आणि काम झाले की परत ठेवायची, अशी रचना मुद्दाम केलेली आहे.

प्रत्यक्षात तुमचा फ्लॅट म्हणजे 'होम' हे फोल्डर. त्यात तुमच्या नावाचे एक फोल्डर असते आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळे त्याच्या आत. यंत्रणेच्या फाइली त्याच्या बाहेर असतात आणि त्या 'रूट' नावाच्या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीच्या असतात. त्यांतल्या बहुतेक तुम्ही उघडून वाचू शकाल, पण किल्लीशिवाय बदलू शकणार नाही. होममध्ये आणखी एक थर असतो जो सहसा दिसत नाही. ज्या फाइलीचे किंवा फोल्डरचे नाव पूर्णविरामाच्या टिंबाने सुरू होते ते लपवले जाते. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ते सगळे समोर येते. ब्राउझरचे बुकमार्क, ईमेल प्रोग्रॅमचे खाते, डेस्कटॉपची मांडणी हे सारे तिथे साठवलेले असते. म्हणून होम फोल्डर पूर्ण उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेले की फाइलींबरोबर तुमच्या बहुतेक सेटिंग्जही येतात.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो : विंडोजमध्येही वापरकर्त्याचे वेगळे फोल्डर असते आणि तेही परवानगी विचारते, मग नवीन काय? रचनेपुरते हे खरेच आहे. फरक पडतो तो सवयीने. वर्षानुवर्षे आपण कुठल्याही संकेतस्थळावरून सेटअप फाइल उतरवतो, समोर आलेल्या चौकटीत 'होय' दाबतो आणि फाइली मिळेल त्या ड्राइव्हवर टाकतो. ही सवय तशीच लिनक्सवर आणली तर लिनक्सची रचना आपल्याला वाचवू शकत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठीच आहेत.

२. आधी चालवून पाहा, मग बसवा

लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते आणि तोवर तुमच्या डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. डिस्ट्रोची काही जीबीची आयएसओ फाइल उतरवायची, रूफस, बलेना एचर किंवा व्हेन्टॉय यांपैकी एका प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, एवढे लक्षात ठेवावे. मग अर्धा तास नुसते चाचपून पाहावे : वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर एक पान छापतो का. हे सगळे जमले तर बसवल्यानंतरही जमण्याची शक्यता फार मोठी असते. पेनड्राइव्हवरून वेग कमी वाटेल. त्यावरून निष्कर्ष काढू नये.

उतरवलेली फाइल खरी आहे का, हे तपासण्याचा कंटाळा करू नये. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा मागचे दार ठेवलेल्या बनावट आयएसओकडे वळवला गेला. त्या दिवशी तिथून फाइल घेणाऱ्यांना संकेतस्थळ नेहमीसारखेच दिसत होते. अशा वेळी उपयोगी पडतो तो 'शा-२५६' नावाचा कोड. संपूर्ण फाइलीवर हिशेब करून ६४ अक्षरांची एक खूण काढली जाते. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण पार बदलते. डिस्ट्रोवाले खरी खूण जाहीर करतात आणि तिच्यावर त्यांची डिजिटल सही असते. आपल्या फाइलीची खूण काढून दोन्ही जुळवायच्या. शिवाय सही तपासली म्हणजे खूणही कोणी बदललेली नाही याची खात्री होते. पाच-दहा मिनिटांचे हे काम पुढची पाच वर्षे ज्या यंत्रणेवर बँकेचे व्यवहार करणार तिच्यासाठी आहे.

बसवताना विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकता येते. त्याआधी दोन गोष्टी विंडोजमध्येच करून घ्याव्यात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आपल्याकडे हमखास गोंधळात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घड्याळ. लिनक्स कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात सहसा जागतिक वेळ ठेवते आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र आतले घड्याळ स्थानिक वेळेचेच आहे असे धरून चालते. समजा सकाळचे १० वाजले आहेत. लिनक्स आतल्या घड्याळात ४:३० ठेवते आणि पडद्यावर १० दाखवते. तोच कॉम्प्युटर विंडोजमध्ये सुरू केला की पहाटेचे ४:३० दिसतात. घड्याळाचा सेल संपलेला नसतो. दोन यंत्रणांचे गृहीतक वेगळे असते. लिनक्सला आतले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की हा घोळ मिटतो.

३. प्रोग्रॅम एकाच दारातून घ्या

नवखा माणूस लिनक्सवरही पहिल्यांदा ब्राउझर उघडून 'अमुक प्रोग्रॅम डाउनलोड' असे शोधतो. इथे ती पद्धत मागे ठेवावी. प्रत्येक डिस्ट्रोची स्वतःची रेपॉझिटरी असते, म्हणजे तपासून ठेवलेल्या हजारो प्रोग्रॅमचे भांडार. मिंटमधील 'सॉफ्टवेअर मॅनेजर' किंवा उबुंटूतील 'ॲप सेंटर' उघडून नाव टाकले की प्रोग्रॅम मिळतो. या भांडारावर डिस्ट्रोची डिजिटल सही असते आणि कॉम्प्युटर ती आपोआप तपासतो. दुसरा फायदा अपडेटचा. विंडोजवर अनेक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे नवी आवृत्ती मागत बसतात; इथे भांडारातले सगळे प्रोग्रॅम यंत्रणेबरोबर एकाच खिडकीतून अद्ययावत होतात. आठवड्यातून एकदा ती खिडकी उघडून सुचवलेली अपडेट घेतली की सुरक्षेचे निम्मे काम झाले.

भांडाराबरोबर स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशी प्रोग्रॅम बांधून देण्याची दोन नवी रूपेही आली आहेत. त्यांत प्रोग्रॅम लवकर ताजा मिळतो, पण जागा जास्त लागते आणि प्रकाशित करणारा नेहमी डिस्ट्रोचा माणूस असतोच असे नाही. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानात एका खेळाच्या प्रोग्रॅममागे वापरकर्त्याच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो-चलन खोदणारा छुपा कोड सापडला आणि तो काढून टाकावा लागला. म्हणून या दुकानांतून घेताना प्रकाशकाच्या नावापुढची पडताळणीची खूण पाहावी. मिंट २२मध्ये पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक मुळात दाखवलेच जात नाहीत. ते सेटिंग तसेच राहू द्यावे.

इथे कोणी विचारेल : ज्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना उघड आहे, त्यात मुळातच कोणी विष कालवले तर? हे घडले आहे. एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावत आलेल्या एका योगदानकर्त्याने मागचे दार बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. कारण शोधत ते कोडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारे जाहीर केले. या घटनेतून दोन धडे मिळतात. कोड उघडा आहे म्हणून तो आपोआप निर्धोक होत नाही. पण उघडा असल्यामुळेच प्रकल्पाबाहेरच्या एका माणसाला मुळापर्यंत जाता आले. दुसरा धडा रोजच्या वापरकर्त्यासाठी : दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेत आणि अगदी ताज्या डिस्ट्रोंत शिरली होती, पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत किंवा उबुंटूच्या एलटीएसमध्ये पोहोचली नव्हती. स्थिर आवृत्ती नव्या गोष्टी उशिरा देते, आणि तेवढ्या काळात असे दोष उघडकीला येतात. एलटीएस घ्या असे सुरुवातीला सांगितले ते यासाठी.

४. पासवर्ड मागितला की दोन प्रश्न विचारा

लिनक्स पासवर्ड मागते तेव्हा ते यंत्रणेची किल्ली मागत असते. त्या क्षणी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : मी आत्ता असे काय केले की ही किल्ली लागावी? आणि ती मागणारा प्रोग्रॅम कोणता? अपडेट घेताना किंवा प्रोग्रॅम बसवताना ती लागणारच. पण एखादे पत्र उघडताना किंवा फोटो पाहताना चौकट आली तर पासवर्ड न देता ती बंद करावी. फोल्डर कॉपी होत नाही म्हणून फाइल मॅनेजरच 'रूट' म्हणून चालवणे, हा उपाय अनेकजण सुचवतात. तो टाळावा. तसे केल्याने होममधल्या काही फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच फाइली तुम्हाला बदलता येईनाशा होतात.

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीची, भीती बाळगायचे कारण नाही. बहुतेक घरगुती कामे त्याशिवाय होतात. तरी मदत शोधताना कमांड चिकटवायला सांगणाऱ्या सूचना मिळतात, म्हणून तेवढे ओळखता यायला हवे. कमांडच्या सुरुवातीला 'सुडो' असेल तर पुढचे काम यंत्रणेच्या किल्लीने होणार आहे. 'आरएम' म्हणजे पुसणे, आणि टर्मिनलमधून पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये जात नाही. 'कर्ल' किंवा 'डब्ल्यूगेट' या शब्दांनंतर एखादा पत्ता आणि मग उभी रेघ देऊन 'बॅश' असे असेल, तर इंटरनेटवरून आलेला मजकूर न वाचताच चालवला जाणार आहे. अशी ओळ समजल्याशिवाय चिकटवू नये. कमांड आपल्या डिस्ट्रोसाठी आणि आपल्याच आवृत्तीसाठी आहे का, हेही पाहावे. २०१४ सालची सूचना आज नुकसान करू शकते. आणि बऱ्याच डिस्ट्रोंत टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो. तसाच टाइप करून एंटर दाबावे.

"लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे वाक्य मात्र विसरून जावे. विंडोजसाठी लिहिलेले बहुतेक घातक प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीत आणि उतरवलेली फाइल आपण परवानगी दिल्याशिवाय प्रोग्रॅम म्हणून चालत नाही, हे खरे. पण बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड टाकलात, फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगितलात किंवा कॉम्प्युटरचा ताबा दूरून देणारे ॲप त्याच्या सांगण्यावरून चालू केलेत, तर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम मध्ये पडत नाही. यंत्रणेची किल्ली आणि बँकेची किल्ली या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सांभाळणे पूर्णपणे तुमच्या हातात असते.

५. दोन बॅकअप, दोन कामांसाठी

यंत्रणा आणि फाइली वेगळ्या आहेत, तर त्यांचे बॅकअपही वेगळे हवेत. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम आधीच बसवलेला असतो. तो यंत्रणेची त्या दिवशीची स्थिती जपून ठेवतो. होममधल्या तुमच्या फाइली मात्र स्वतः सांगितल्याशिवाय त्यात घेत नाही. समजा सोमवारी टाइमशिफ्टने नोंद घेतली. बुधवारी तुम्ही एक अर्ज टाइप केला आणि अपडेटही घेतले. गुरुवारी पडदा नीट दिसेना. सोमवारची नोंद परत आणली की यंत्रणा सोमवारच्या स्थितीत जाते आणि बुधवारचा अर्ज जागेवरच राहतो. हा मोठा फायदा आहे. पण बुधवारी चुकून पुसलेला लग्नाचा फोटो टाइमशिफ्टमधून परत मिळणार नाही, कारण तो त्याच्याकडे कधी नव्हताच. फोटोंसाठी आणि कागदपत्रांसाठी मिंटचे 'बॅकअप टूल' किंवा 'डेजा डुप' वापरून बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी. टाइमशिफ्टची नोंद बाहेरच्या डिस्कवर ठेवायची असेल तर ती डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४सारख्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. नेहमीचा पेनड्राइव्ह चालत नाही.

पेनड्राइव्हवर कॉपी करताना आणखी एक गोष्ट पाळावी. लिनक्स मजकूर आधी रॅममध्ये घेते आणि सवडीने पेनड्राइव्हवर लिहिते. त्यामुळे पट्टी झटकन शंभर टक्क्यांवर गेली तरी लिहिणे चालूच असू शकते. 'इजेक्ट' दाबावे, 'आता काढायला हरकत नाही' असा संदेश येईपर्यंत थांबावे आणि मगच पेनड्राइव्ह उपसावा. छपाईला दिलेली फाइल दुकानात उघडलीच नाही, या तक्रारीमागे अनेकदा ही घाई असते.

बिघाड झाला की सगळे पुसून पुन्हा बसवण्याची घाई करू नये. दोष तीनपैकी कोणत्या जागी आहे ते आधी ओळखावे. अपडेटनंतर वाय-फाय किंवा आवाज गेला असेल तर संशय नव्या कर्नलवर घ्यावा. जुना कर्नल सहसा डिस्कवरच असतो. कॉम्प्युटर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून येणाऱ्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडले की तो मिळतो. त्याने सगळे चालले तर दोष पक्का कळला. डेस्कटॉपच विचित्र वागत असेल, पॅनेल नाहीसे झाले असेल, तर सेटिंग्जमधून एक नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने आत जावे. तिथे सगळे ठीक असेल तर यंत्रणा धड आहे. बिघाड तुमच्या होममधल्या एखाद्या लपलेल्या सेटिंग फाइलीत आहे. या एका तपासणीने पुष्कळदा सगळी यंत्रणा नव्याने बसवण्याचा खटाटोप वाचतो.

६. मराठीतले काम

युनिकोड मराठीसाठी लिनक्सवर वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमधील कीबोर्डच्या यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा असतो. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवायचे असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनात एम१७एन हा संच बसवला की आयट्रान्स आणि फोनेटिक हे पर्याय मिळतात. रोज मराठीत टाइप करणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा असे सुचवावेसे वाटते. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला हा आराखडा विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर मिळतो, म्हणजे यंत्र बदलले तरी बोटांची सवय वाया जात नाही. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ त्यात शिफ्ट आणि जे दाबून थेट मिळतो.

लिब्रेऑफिसमध्ये आधी भाषेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावे आणि तिथली भाषा मराठी ठेवावी. देवनागरीसाठी फॉन्ट आणि त्याचा आकार इंग्रजीहून वेगळा नोंदवला जातो. हे माहीत नसल्याने "आकार बदलला तरी मराठी तेवढीच राहते" असा गोंधळ होतो. भाषा मराठी ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे नोटो आणि लोहितसारख्या फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे दिसतात. दुसऱ्याला फाइल पाठवताना मजकूर बदलायचा नसेल तर पीडीएफ पाठवावी. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये विस्कटलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा कारण फॉन्टचे असते : विंडोजचे मंगल किंवा निर्मला लिनक्सवर नसतात, त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट येतो आणि ओळी सरकतात.

७. जे लिनक्सवर होणार नाही

आतापर्यंत लिनक्सची बाजू मांडली, आता त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. टॅलीवर हिशेब ठेवणारा व्यापारी, श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींवर चालणारे छपाईचे दुकान, फोटोशॉप किंवा कोरलड्रॉवर पोट असलेला चित्रकार, डिजिटल सहीच्या टोकनने निविदा भरणारा कंत्राटदार : यांची साधने विंडोज गृहीत धरून बनवलेली आहेत. वाइन नावाच्या प्रोग्रॅमने काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर उपजीविका आहे ते 'चालून जाईल' या भरवशावर ठेवू नये. त्या कामासाठी विंडोजचा एक कॉम्प्युटर राखावा. प्रिंटरचेही तसेच. नव्या नेटवर्क प्रिंटरांना बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि एचपीच्या अनेक प्रिंटरांसाठी उत्तम साधने तयार आहेत. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कंपनीच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर त्याला खटपट लागते.

मग मोठ्या संस्थांचा अनुभव काय सांगतो? जर्मनीतील म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, २०१३पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. लिनक्सचे टीकाकार हे उदाहरण नेहमी देतात. त्याच्या शेजारी फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलिस दलाचे उदाहरण ठेवावे. त्यांनी २००५ मध्ये आधी विंडोजवरच ओपनऑफिस आणले, २००६ मध्ये फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले आणि २००८ मध्ये उबुंटूकडे वळले. आज त्यांचे हजारो कॉम्प्युटर त्याच्या रूपांतरित आवृत्तीवर चालतात. रोजचे प्रोग्रॅम आधी बदलले आणि ऑपरेटिंग सिस्टीम शेवटी, हा त्यांचा क्रम घरातही तसाच वापरता येतो. एक-दोन महिने विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी वापरावे. काय अडते ते त्यातच कळते आणि लिनक्सवर गेल्यावर नेहमीचेच प्रोग्रॅम समोर दिसतात.

८. अडले तर विचारायचे कसे

शेवटचा आक्षेप वेळेचा : हे सगळे शिकायला सवड कोणाला आहे? सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जास्त वेळ जातो, हे खरे. त्यानंतर उरते ते आठवड्याचे एक अपडेट आणि महिन्याचा एक बॅकअप. घरी लिनक्स वापरणाऱ्याला सहसा पैसे घेणाऱ्या कंपनीचा मदत-क्रमांक नसतो. त्याऐवजी फुकट मदत करणारे पुष्कळ लोक असतात, आणि त्यांच्याकडून उत्तर मिळणे प्रश्नावर अवलंबून असते. "वाय-फाय चालत नाही" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. डिस्ट्रो आणि आवृत्ती कोणती, लॅपटॉपचे मॉडेल कोणते, कधीपर्यंत चालत होते, त्यानंतर काय बदलले आणि पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः काय होता, या पाच गोष्टी लिहिल्या तर उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते. अनेकदा त्या लिहिता लिहिताच दोष यंत्रणेत आहे की होममध्ये, हे आपले आपल्याला कळते.

याच पाच गोष्टी दोष नोंदवायलाही पुरतात, आणि तिथे मराठी वापरकर्त्याचे महत्त्व मोठे आहे. एखाद्या फॉन्टमध्ये ऱ्य तुटून दिसतो, पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात वेलांटी सरकते, शोधताना जोडाक्षर सापडत नाही : हे दोष युरोप-अमेरिकेत बसून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला दिसण्याची शक्यताच नसते. ते मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात आणि त्याने सांगितले नाहीत तर वर्षानुवर्षे तसेच राहतात. ज्या प्रोग्रॅममध्ये दोष दिसला त्याच्या प्रकल्पाकडे पडद्याचे एक चित्र आणि चार ओळी पाठवाव्यात. त्या एका नोंदीवरून दुरुस्ती झाली, तर ती भांडारात येते आणि पुढच्या अपडेटबरोबर तो प्रोग्रॅम वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवर पोहोचते.